अँबेसिडर की पद्मिनी? सातारा-सांगलीकडून वारंवार येणारे प्रश्न

वाई, कराड, तासगाव, मिरज, कुठूनही निरोप आला तरी वाद एकच असतो: भारी कोण? काही जण वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणतायत, काही जण जुनी घ्यायच्या विचारात आहेत, आणि बरेच जण नुसतेच भावाशी पैज लावून बसलेत. परत परत आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्याचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलंय तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. अँबेसिडर म्हटलं की डझनभर प्रकार निघतात. तुम्ही नेमक्या कुठल्या गाड्यांबद्दल बोलताय?

वेगळं सांगितलं नसेल तिथे अँबेसिडर म्हणजे १४८९ सीसी पेट्रोल इंजिनवाली, मार्क टू ते मार्क फोर. पद्मिनी म्हणजे १०८९ सीसी पेट्रोलवाली, फियाट डिलाइटपासून पुढची सगळी. अँबेसिडर हिंदुस्तान मोटर्सने बंगालमधल्या उत्तरपाऱ्यात बनवली. मूळ गाडी इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेली ही गाडी २०१४ मध्ये बंद झाली. फियाट बनली मुंबईत कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. हे मॉडेल १९६४ चं. अगदी सुरुवातीच्या अँबेसिडरमध्ये १४७६ सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन होतं, पण ते आता प्रदर्शनातच दिसेल. इसुझू आणि डिझेलवाल्यांचं प्रश्न १० मध्ये.

२. डिलाइट, प्रेसिडेंट आणि पद्मिनी या तीन वेगळ्या गाड्या का? आणि डुक्कर फियाट कुठली?

पहिल्या तिन्ही एकच. १९६४ ला फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, सत्तरीच्या सुरुवातीला प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. जाळी, दिवे, डॅशबोर्ड असल्या गोष्टी बदलत गेल्या, पण हाडं तीच. डुक्कर फियाट त्याच्या आधीची, १९५० च्या दशकातली, गोलमटोल अंगाची, पुढचे दरवाजे मागच्या बाजूने बिजागरीवर असलेली. लग्नाच्या वरातीत ती अजूनही भाव खाऊन जाते, पण या तुलनेत ती नाही.

३. कागदावरचे आकडे एकदाचे सांगा.

अँबेसिडर: १४८९ सीसी, सुमारे ५० बीएचपी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८९. वजन अकराशे किलोच्या थोडं वर. व्हीलबेस २४६४ मिलिमीटर, रुंदी १६७६. पुढे टॉर्शन बार (पिळ घेणारी स्प्रिंगची दांडी), मागे पाटे, चाकं १५ इंची.

पद्मिनी: १०८९ सीसी, सुमारे ४० बीएचपी, बोअर ६८, स्ट्रोक ७५. वजन नऊशे किलोच्या आत. व्हीलबेस २३४०, रुंदी १४६०. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटेच, चाकं १४ इंची.

दोघींना चार गिअर, बहुतेक वर्षं स्टिअरिंगच्या दांड्यावर. चारही चाकांना ड्रम ब्रेक. जुन्या परीक्षणांत आणि माहितीपत्रकांत बीएचपीचे आकडे दोन-चारने मागेपुढे दिसतात. मोजायची पद्धत आणि वर्ष बदललं की तेवढं होणारच.

४. १० बीएचपी कमी म्हणजे पद्मिनी सरळ सरळ मार खाते ना?

नाही. भागाकार करून बघा. अँबेसिडरला दर टनामागे साधारण ४५ बीएचपी पडतात आणि पद्मिनीलाही जवळपास तितकेच. एकटा माणूस गाडीत असेल तर जोर सारखाच. फरक दोन ठिकाणी पडतो. पहिला म्हणजे माणसं. गाडीत पाच जण आणि डिकीत सामान भरलं की साडेतीनशे किलो वाढतात. हलक्या पद्मिनीला हे ओझं जास्त बोचतं, तिचा आकडा ३२ वर येतो, अँबेसिडरचा ३४-३५ वर थांबतो. दुसरा फरक, तो जोर इंजिनच्या किती फेऱ्यांवर मिळतो. पैज तिथेच निकालात निघते आणि त्याचं उत्तर पसरणी घाट देतो (प्रश्न ५).

५. पसरणी घाट कोण आधी चढेल?

सर्वांत जास्त विचारलेला प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

वाईतून पाचगणी गाठायचं म्हणजे समुद्रसपाटीपासून जवळजवळ तेराशे मीटर उंचीवर जायचं, आणि त्यातली बहुतेक चढण या घाटातच. अँबेसिडरच्या इंजिनाचा स्ट्रोक लांब आहे. तिचा सर्वाधिक टॉर्क (चाक फिरवणारा पीळ), सुमारे १०० न्यूटन मीटर, अडीच हजार फेऱ्यांच्या आतबाहेरच मिळतो. म्हणून वळणावर वेग पडला तरी ती तिसऱ्यात गुरगुरत राहते, खाली-वर फार करावं लागत नाही. पद्मिनीचा टॉर्क बराच कमी, आणि इंजिन फिरतं ठेवलं तरच तो हाताशी येतो. तिला दुसऱ्यात टाकून आवाज वाढू द्यायचा असतो. नवखा चालक आवाजाला घाबरून तिसरा टाकतो, गाडी कण्हायला लागते आणि दोष फियाटला जातो.

चांगला हात असेल तर रिकामी पद्मिनी अँबेसिडरच्या मागे लागून राहते, अवघड वळणांवर पुढेही जाते. तिचं तोंड हलकं, अंग अरुंद. समोरून एसटी आली तर पद्मिनीला जागा मिळते, अँबेसिडरला मागे सरकावं लागतं. सहकुटुंब, सामानासह असाल तर माझं मत अँबेसिडरला. ती आधी पोचेल असं नाही, पण चालकाला घाम कमी फुटेल.

दोघींबाबत एक लक्षात ठेवा: पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत दात जुळवून घेणारी सोय, नाही. चढावर गाडी सरकत असताना पहिला घालायला गेलात तर दात करकरतात. एक तर पूर्ण थांबा, नाही तर डबल क्लच (मध्ये न्यूट्रल घेऊन दोनदा क्लच दाबणं) शिका. आणि महाबळेश्वरपर्यंत जाणार असाल तर वरच्या विरळ हवेत दोघींचा जोर समुद्रसपाटीच्या मानाने दहा-पंधरा टक्क्यांनी उतरतो. ‘खाली बरी होती, वर मेली’ ही तक्रार पुष्कळदा एवढीच असते.

६. सपाटीला, म्हणजे मिरज-पंढरपूर किंवा विटा रस्त्याला?

नवेपणी दोघींचाही काटा ११०-१२० च्या आसपास थकायचा. आज सुस्थितीतली गाडी ७० ला ठेवा, दोघी खूश. त्यापुढे पद्मिनीचं इंजिन जास्त मोकळं वाटतं, अँबेसिडरचा लांब स्ट्रोक कुरकुरतो. उलट खड्डा आला की अँबेसिडर तो पोटात घालते, पद्मिनी तुम्हाला सांगते. आडव्या वाऱ्यातही जड गाडी बरी.

स्टिअरिंगबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय. अँबेसिडर जड म्हणून तिची रचना जुनाट असणार, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात रॅक अँड पिनियन ही नव्या पद्धतीची रचना अँबेसिडरला आहे, पद्मिनीला जुन्या पद्धतीचा स्टिअरिंग बॉक्स. तरीही हातात हलकी पद्मिनीच, कारण पुढच्या चाकांवर वजन कमी.

७. खंबाटकी चढताना गाडी मध्येच बंद पडली, थंड झाल्यावर आपोआप सुरू झाली. इंजिन गेलं का?

बहुधा नाही. उन्हाळ्यातला हा नेहमीचा व्हेपर लॉक. दोन्ही गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनावरच बसवलेला, मेकॅनिकल. इंजिन तापलं की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं टाकायचा जुना उपाय आजही चालतो. घाटातले ट्रकवाले न विचारता पाण्याची बाटली पुढे करतात, कारण त्यांनी हे पाहिलेलं असतं.

हे वारंवार होत असेल तर नळी सायलेन्सरच्या जवळून गेलीय का बघा, रेडिएटर साफ करून घ्या, पंख्याचा पट्टा ताणा. काटा लाल पट्ट्यात गेला असेल तर मात्र तो व्हेपर लॉक नव्हे. गाडी लगेच थांबवा, आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका.

८. उतरताना ब्रेक कोणाचे चांगले?

कोणाचेच चांगले नाहीत, आजच्या मापाने. ड्रम तापले की पेडल खाली जातं आणि गाडी थांबायला मागत नाही. अँबेसिडरचे ड्रम मोठे, पण थोपवायचं वजनही जास्त. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक दाबून धरू नका, अधूनमधून मारा आणि सोडा. जुनी गाडी घेतल्यावर पहिला खर्च व्हील सिलिंडर, ब्रेकच्या नळ्या आणि ब्रेक ऑइल यांवर करा. रंगाचं नंतर बघता येतं.

९. अ‍ॅव्हरेज किती धरायचं?

ट्यूनिंग नीट असेल तर लिटरला पद्मिनी बारा ते चौदा किलोमीटर, अँबेसिडर नऊ-दहा, लांबच्या रस्त्याला थोडं जास्त. कोणी अठरा सांगितलं तर विकणाराच असेल. पद्मिनीचा सोलेक्स कार्बोरेटर जेट साफ ठेवले की गप्प राहतो. अँबेसिडरच्या एसयू कार्बोरेटरला डॅशपॉटमध्ये, म्हणजे वरच्या नळकांड्यात, तेल लागतं. ते आटलं की पिकअप देताना गाडी अडखळते, आणि मालक विनाकारण पॉइंट बदलत बसतो.

१०. माझी अँबेसिडर १८०० इसुझू आहे. हे सगळं तिला लागू आहे का?

बरंचसं नाही. १९९० च्या दशकात आलेल्या या गाडीत १८१७ सीसीचं इंजिन, सुमारे ७५ बीएचपी, पाच गिअर आणि तेही खाली जमिनीवर. तिच्यापुढे पेट्रोल पद्मिनी टिकत नाही, घाटात नाही आणि सपाटीलाही नाही. प्रश्न ४ चा भागाकार तिला लावलात तर ती चाळीस टक्क्यांहून पुढे निघते. तिला १०८९ वाल्या पद्मिनीप्रेमींशी पैजेत उतरवणं म्हणजे रडीचा डाव.

डिझेलवाल्यांची गोष्ट उलटी. जुन्या डिझेल अँबेसिडरचं इंजिनही १४८९ सीसीच, पण जोर ३७ बीएचपीच्या आसपास, आणि वजन पेट्रोलपेक्षा जास्त. पद्मिनीची १३६६ सीसीची डिझेल आवृत्ती शेवटच्या काळातली. दोघीही वेगासाठी नव्हत्या. डिझेल स्वस्त होतं म्हणून लोकांनी त्या घेतल्या.

११. इंटरनेटवर फियाट ११०० डी ला १२२१ सीसी लिहिलंय. माझ्या आरसी बुकात १०८९ आहे. इंजिन बदललेलं असेल का?

घाबरू नका, तुमचं आरसी बुक बरोबर आहे. इटलीतल्या ११०० डी ला १२२१ सीसी होतं, आपल्याकडे बनलेल्या गाडीला १०८९. बाहेरच्या संकेतस्थळांवरचे आकडे इटालियन गाडीचे असतात, आणि आपले हौशी लोक तेच उतरवून घेतात. शंका असेल तर हिशोब करा: ६८ चा बोअर आणि ७५ चा स्ट्रोक, चार सिलिंडर, उत्तर १०८९ च येतं. रिबोअर झालेलं इंजिन थोडं जास्त भरेल, पण १२२१ पर्यंत नाही.

१२. हल्लीचं इथेनॉलवालं पेट्रोल चालेल का?

चालेल, पण गाडीला तयार करावं लागेल. गंमत अशी की हे इथेनॉल आपल्याच पट्ट्यातल्या उसाचं असतं. सातारा-सांगलीतल्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून निघून ते पंपावरच्या पेट्रोलमध्ये परत येतं. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि या गाड्या त्याच्या कितीतरी आधीच्या.

पहिला त्रास रबराला. जुन्या नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचे गॅस्केट फुगतात किंवा चिरतात. सगळं इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं बसवा, कारण गळक्या नळीतून तापलेल्या मॅनिफोल्डवर पेट्रोल पडणं ही आगीची गोष्ट आहे. दुसरा त्रास पाण्याचा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि पावसाळाभर उभी राहिलेली गाडी टाकीत गंज धरते. उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका. तिसरं, मिश्रण पातळ पडतं, इंजिन गरम चालतं, म्हणून मुख्य जेट एखादा नंबर वाढवावा लागतो.

शिशाच्या पेट्रोलचा प्रश्न वेगळा. ते २००० साली बंद झालं, आणि व्हॉल्व्हच्या सीटला शिशाचा मिळणारा आधार गेला. हेड उतरवलंच असेल तर कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या. नुसत्या त्यासाठी हेड उतरवू नका. टॅपेटची फट वारंवार कमी होत असेल तरच समजा की सीट खचतायत.

१३. सुटे भाग कोणाचे सहज मिळतात?

इंजिनाचे आणि ब्रेकचे भाग दोघींचे मिळतात, अँबेसिडरचे जरा जास्त, कारण ती २०१४ पर्यंत बनत होती. पत्रा आणि चमकणाऱ्या पट्ट्या दोघींच्या दुर्मीळ. खरी टंचाई भागांची नाही, माणसांची आहे. डेल्को (ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) उघडून पॉइंटची फट कानाने लावणारे मिस्त्री साठी-सत्तरीत पोचलेत. गाडी घ्यायच्या आधी मिस्त्री शोधा. तो ज्या गाडीवर हात बसलेला आहे तीच घ्या, बाकी सगळी तुलना त्यापुढे फिकी.

१४. सांगलीत स्वस्तात गाडी मिळतेय. पुरात बुडालेली असेल का, कसं ओळखायचं?

शंका योग्य आहे. २००५, २०१९ आणि २०२१ ला आयर्विन पुलाच्या पातळीकडे डोळे लावून बसलेल्या गावात अंगणातली बंद गाडी कोणी आधी हलवली असेल, असं नाही. सीट उचला आणि खालच्या कोपऱ्यात बारीक गाळ आहे का बघा. दारांच्या आतल्या बाजूला, दिव्यांच्या काचेमागे, डॅशबोर्डच्या मागच्या वायरींवर मातीची रेघ राहते. धुतलेली गाडी वासावरून कळते. गिअर आणि डिफरन्शियलचं तेल काढून बघा, दुधाळ असेल तर पाणी गेलंय.

अँबेसिडर आणि पद्मिनी दोघींना वेगळी चासी नाही, अंगच चौकटीचं काम करतं. त्यामुळे खालचा पत्रा सडला तर नुसता रंग देऊन भागत नाही. दाराखालची पट्टी आणि पाट्यांची टोकं जिथे अंगाला धरलीत ती जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. विकणारा हरकत घेत असेल तर उत्तर मिळालं. मुंबईतून आलेल्या पद्मिनीबाबत आणखी एक: ती टॅक्सी होती का हे कागदावर तपासा. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली आणि त्याआधी बऱ्याच गाड्या काळ्या-पिवळ्या रंगावर दुसरा रंग चढवून विकल्या गेल्या.

१५. आजोबांच्या नावावरची गाडी गोठ्याशेजारी उभी आहे. आजोबा गेले, नोंदणीही संपली. आता?

आधी नाव, मग नोंदणी. मालकाच्या मृत्यूनंतर नाव बदलायला फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रं. इतर वारसांची संमती आधीच घ्या. गाडी चालू झाल्यावर प्रत्येक चुलत्याला ती आठवायला लागते. नंतर नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५, गाडी आरटीओत दाखवणं, विमा, पीयूसी आणि पर्यावरण कर. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. फी अलीकडे वाढलेली आहे, परिवहनच्या पोर्टलवर ताजी बघून जा. गाडीचा नंबर जुना असला तरी काम तुमच्या पत्त्याच्या कार्यालयात: साताऱ्याला एमएच ११, कराडला एमएच ५०, सांगलीला एमएच १०.

विम्याचं थोडक्यात: पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. फोटो आणि दुरुस्तीची बिलं जपून ठेवा, नाही तर पॉलिसीवर भंगाराचा भाव लिहिला जातो.

१६. व्हिंटेज नंबर घेतलेला बरा का?

२०२१ पासून केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ येतं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण मेख अशी की ती गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. रविवारी बायकोमुलांना घेऊन कासला जायचं असेल तर हा नंबर तुमच्या कामाचा नाही, प्रश्न १५ चा मार्ग बरा.

वयाचा हिशोबही बघा. मार्क टू आणि डिलाइट आता बसतात. पद्मिनी नावाच्या अगदी पहिल्या गाड्या आत्ता कुठे पन्नाशीला पोचल्यात. मार्क फोरवाल्यांनी २०२९ च्या आधी चौकशीही करू नये.

१७. वडिलांनी ८५ साली १९७२ च्या अँबेसिडरमध्ये डिझेल इंजिन बसवलं. आरसीवर तशी नोंद आहे. व्हिंटेज मिळेल?

वय बसतं, गाडी बसत नाही. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे, आणि तुमच्या बाबतीत बदल खुद्द आरसीवरच लिहिलेला आहे. नेहमीची नोंदणी मात्र चालू ठेवता येते, कारण बदल कायदेशीर नोंदवलेला आहे. आरसीवर नोंद नसताना इंजिन बदललेलं असेल तर ती खरी अडचण. इंजिन नंबर जुळला नाही की तपासणीतच गाडी अडते.

मूळ जातीचं १४८९ चं पेट्रोल इंजिन परत बसवून व्हिंटेजसाठी प्रयत्न करायचा असेल तर आधी ते इंजिन बिलासह मिळवा, आरसीवर बदल नोंदवा आणि मगच अर्ज करा. डिझेल इंजिन लगेच भंगारात घालू नका. आरसीवरचा बदल मंजूर झाला नाही तर तेच परत बसवावं लागेल.